अर्धा तिच्याकडे, अर्धा त्याच्याकडे

मी एक तंबू बोलतोय. 'एक' म्हणताना जरा अडखळायला होतं, कारण बरेच दिवस मी एक नव्हतोच. माझं कापड एका घरी होतं आणि दांडे दुसऱ्या घरी. त्यातला बोलणारा मी नेमका कोणता, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही नीट सांगता येत नाही. तुम्ही समजून घ्या.

एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. तिथे माझ्या अंगावर 'दोन माणसांचा' अशी चिठ्ठी शिवली. आता माणसं काय एका मापाची असतात? पण शिवणाऱ्या बाईंना तसं विचारायची सोय नव्हती.

दुकानात मी फळीवर पडून होतो. एक दिवस दोघं बहीणभाऊ आले, दोघंही पन्नाशी ओलांडलेले. ताईचं चष्म्याचं दुकान होतं आणि धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. दोघांकडे एकेक मोटरसायकल, आणि दोघांना त्यावरून हिंडून उघड्यावर मुक्काम करायची हौस. धाकट्याने गाडीच्या बाजूची पेटीच काढून आणली होती, मापाला.

"हा बघ किती छोटा!" तो एका तंबूकडे बोट दाखवून म्हणाला.

"अरे ठोंब्या, पिशवीत सगळेच छोटे दिसतात," ताई म्हणाली. "कापड कसंही कोंबता येतं. दांडे दुमडून केवढे होतात ते बघ. घोडं तिथेच अडतं."

मग एकेका तंबूचे दांडे पेटीत घालून झाले. कुणाचे वर डोकावले, कुणामुळे झाकणच लागेना. माझे मात्र अलगद बसले. तेवढ्यावर त्यांचं समाधान होईना. दुकानातच त्यांनी मला उभं केलं आणि दोघं आत जाऊन आडवे झाले. दोघांचे पाय दाराबाहेर. दुकानदार बिचारा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघून उगाच हसत राहिला. मी लाजून चूर झालो. पण त्यांनी मलाच घेतलं.

घरी आल्यावर ताईने नियम काढला. वजन दोन्ही गाड्यांवर सारखं हवं. दांडे आणि खुंट्या त्याच्या पेटीत, कापड तिच्या.

"म्हणजे कुणी एकट्याने पळून जायचं नाही," ती म्हणाली. दोघं हसले. मला त्यात हसण्यासारखं काय ते कळलं नाही. आपले हातपाय कुणी दुसऱ्याच्या हवाली केले तर तुम्ही हसाल का?

बांधाबांध करताना दोघांचं रोज वाजायचं. तो माझी घडीवर घडी घालून सुरळी करायचा. ती म्हणायची, "रोज त्याच घड्या पडल्या की कापड तिथेच फाटतं, दे इकडे," आणि मला मुठीमुठीने पिशवीत कोंबायची. कोण बरोबर ते मी ठरवू शकलो नाही. एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत होतं. तंबू ओला बांधून ठेवायचा नाही, घरी पोचल्या पोचल्या वाळत घालायचा.

आम्ही तीनदा हिंडून आलो. नदीकाठी, टेकडीवर, एकदा तर पेट्रोलपंपामागच्या मोकळ्या जागेत. रस्त्यावर ताई कायम पुढे. धाकट्याला गाडी तिनेच शिकवली होती, म्हणून त्याचं मागे असणं दोघांनाही साहजिक वाटायचं.

चौथ्या खेपेला परतताना ते झालं. सकाळची वेळ होती. दव पडलेलं, मी ओलाच तिच्या पेटीत. चौकात डावीकडून दुधाचा टेम्पो आला. ताईने वेग कमी केला नाही. मागून धाकट्याचा हॉर्न, टेम्पोचा ब्रेक, आणि माझ्या पेटीवर खर्रकन ओरखडा. पुढे दहा पावलांवर ती थांबली.

धाकटा धावत आला.

"ताई, तुला तो दिसला नाही?"

"दिसला होता."

"नव्हता दिसला. परवा दाराच्या कडेवर आपटलीस. त्याआधी भरला कप बाजूलाच होता, तो पाडलास. अगं, डोळे तपासून घे."

"मला सांगतोस? सगळं गाव माझ्याकडे डोळे तपासून घेतं!"

"म्हणूनच सांगतोय. दिव्याखाली अंधार."

हे ऐकून ती लालबुंद झाली. "आणि तपासले, मग काय? गाडी सोडून दे म्हणशील. मला माहीत आहे तुला काय हवंय."

"मला तू हवी आहेस," तो ओरडला. "चावी दे."

तिने चावी दिली नाही. ती एका रस्त्याने गेली, तो दुसऱ्या. कापड तिच्याकडे, दांडे त्याच्याकडे. त्या दिवसापासून माझी अवस्था धड ना इकडे, धड ना तिकडे. दोघांपैकी कुणी फोनही केला नाही.

तिने मला वाळत घातलं नाही. तीन आठवडे मी तिच्या दुकानाच्या मागच्या खोलीत तसाच पिशवीत. मला कुबट वास मारू लागला. माझं काय चुकलं, याचा मी खूप विचार केला. टेम्पोला धडकलो मी नव्हतो, भांडलो मी नव्हतो.

मग एका दुपारी तिने दुकानाचं शटर अर्धं ओढलं, मला बाहेर काढलं आणि नाकाला पदर लावला. खिडकी आणि कपाटाच्या मध्ये दोरी बांधून मला टांगलं. नंतर ती गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली. मी तिच्या डाव्या बाजूला लोंबत होतो.

तिने एक डोळा हाताने झाकला. समोरच्या भिंतीवरच्या एका ठिपक्यावर नजर लावली आणि डावं बोट बाजूने हळूहळू पुढे आणू लागली. "आलं?" ती स्वतःलाच विचारत होती. "अजून नाही."

मला वाटलं, हा काहीतरी खेळ असेल. बोट माझ्या कापडाला घासून पुढे गेलं. "अजून नाही," ती म्हणाली. माझ्या कापडाची कडही ओलांडून ते पुढे आलं. मला तर ते चांगलं दिसत होतं. ती म्हणत होती, "अजून नाही." खूप पुढे आल्यावर ती दचकली. पुन्हा करून पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं. मग तिने माझं एक टोक हातात घट्ट धरलं. मला तेव्हा फार वाईट वाटलं. का, ते मात्र कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आली. काचबिंदू होता. गेलेली नजर परत येणार नव्हती, उरलेली थेंबांनी टिकणार होती. हे तिने दुकानातल्या आरशाला सांगितलं, म्हणून मला कळलं.

रविवारी तिने मला खांद्याला अडकवलं आणि ती चालत निघाली. धाकटा तिसऱ्या मजल्यावर राहायचा. लिफ्टवाल्याच्या इमारतीतली लिफ्ट बंद! ताई धापा टाकत वर पोचली.

"स्वतःच्या घरची लिफ्ट नाही होय दुरुस्त होत?" दारातच ती म्हणाली. "दिव्याखाली अंधार फक्त माझ्याकडेच नाही."

धाकटा हसला नाही. त्याने आतून दांडे आणले. पुसून ठेवलेले, दांड्यांचे तुकडे जोडून ठेवणारं आतलं सैल पडलेलं इलॅस्टिकही बदललेलं.

ताईने टेबलावर मला ठेवलं आणि माझ्यावर गाडीची चावी. "डावीकडचं नाही दिसत मला," ती म्हणाली. "उजवीकडचंही थोडं गेलंय. विकून टाक गाडी. मला नाही जमणार विकायला."

त्याने चावी उचलली. मग म्हणाला, "मागे बसशील?"

"तुला शिकवताना मागेच बसले होते की," ती म्हणाली, आणि दोघांचेही डोळे एकदम भरून आले.

आता माझं कापड आणि दांडे एकाच पेटीत असतात. वर जागा उरते. म्हणजे मला दोन ठिकाणी ठेवायची कधी गरजच नव्हती! मी पुन्हा एक झालो, याचा आनंद मानावा, की एक गाडी कमी झाली म्हणून रडावं? दोन्ही थोडं थोडं करून पाहतो. माझं जरा वय झालंय, एका कोपऱ्यात ठिगळ आहे, आणि तो कुबट वास पावसाळी हवेत अजून येतो. तुमच्याकडे एखादा तंबू असेल तर माझी हात जोडून विनंती आहे, त्याला ओला बांधून ठेवू नका. वास मग आयुष्यभर राहतो.

एक गोष्ट तेवढी कुणी समजावून सांगा. हल्ली प्रत्येक चौकात धाकटा गाडी थांबवतो. मागून ताई सगळी मान वळवून डावीकडे बघते, मग उजवीकडे, आणि म्हणते, "मोकळं आहे रे, चल." तो स्वतः केव्हाच दोन्हीकडे बघून झालेला असतो. तरी ती म्हणेपर्यंत गाडी हलवत नाही.