एका अक्षराची हाक

मी 'बा' बोलतोय. हो, एवढाच. एक अक्षर आणि त्याला एक काना. एवढ्याशा शब्दाला कसलं आलंय आत्मवृत्त, असं तुम्हाला वाटेल. वाटू दे, मला सवय आहे.

जन्माचं म्हणाल, तर पंडित मला प्राकृतातल्या 'बप्प'च्या घराण्यात बसवतात. बसवोत बापडे. मी तान्ह्या मुलांचा, असं माझं स्वतःचं मत. ओठ मिटून उघडले की मी बाहेर पडतो, मला दात लागत नाहीत. म्हणून तर देशोदेशी माझं बस्तान आहे. गुजरातीत मी आई. कानडीत मी 'ये'. फारसीतून आलो तो 'सह' होऊन. बाइज्जत, बाकायदा म्हणता ना, त्यातला पुढचा मीच. चिनी माणूस माझ्याने आठ मोजतो. व्हिएतनामच्या दक्षिणेला मी पुन्हा बाप. आणि फार पूर्वी इजिप्तमध्ये मी माणसाचा आत्मा होतो, माणसाच्या तोंडाचा पक्षी. माणूस गेला की हा पक्षी उडतो आणि फिरून त्याच्याकडे येतो, असं ते लोक मानायचे.

एवढं हिंडलो, पण घर म्हणावं असं एकच मिळालं. पनवेलच्या कोळीवाड्यात, दादूच्या लेकीच्या तोंडात.

दादू खाडीत मासे मारायचा, बायको गुणाबाई ते बाजारात विकायची. मुलगी एकच, किशोरी. थंडीच्या दिवसांत सकाळी खाडीवर असं धुकं दाटायचं की परतणाऱ्या होडीला काठ दिसायचा नाही. मग सहा-सात वर्षांची किशोरी बंदरावर उभी राहून मला सोडायची, "बा…". असा लांबवून सोडला की मी पाण्यावरून पुष्कळ दूर जातो. धुक्यातून दादूची "ओ" यायची, आणि पाठोपाठ होडीच्या कडेवर वल्ह्याचे दोन ठोके. टक, टक. मग पुन्हा मी, पुन्हा ओ, असं करत होडी धक्क्याला लागायची.

घरात चांगली मोठी बॅटरी होती. पण दादू म्हणायचा, "उजेर धुक्यान अरकतो पोरी, हाक नाय अरकत." उजेड धुक्यात अडकतो, मी अडकत नाही! तेव्हा मला माझाच काय अभिमान वाटायचा म्हणून सांगू!

किशोरी शिकली, बेलापूरला नोकरीला लागली, सत्यजीतशी लग्न करून सुकापूरच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. गुणाबाई वारली, दादूचे गुडघे गेले, तेव्हा तिने बापाला आपल्याकडे आणलं. सत्यजीतने हौसेने खोली रंगवून दिली. त्याची आई वसुंधराबाई, निवृत्त शिक्षिका, मनाने वाईट मुळीच नव्हती. एकदा चहा घेताना ती सहज म्हणाली, "किशोरी, सोसायटीत चारचौघांसमोर पप्पा म्हणत जा ना. बा कसंतरीच वाटतं गं."

किशोरी हसली आणि म्हणायला लागली. आधी चारचौघांत, मग घरात, मग फोनवर. भांडण नाही, तंटा नाही. मी तिच्या तोंडून सुटलो, इतकंच. मला तिचा राग आला होता, आज खोटं कशाला बोलू?

"पप्पा" ऐकलं की दादू आधी मागे वळून बघायचा, दुसऱ्या कुणाला बोलावतायत का. मग हळूच "काय गो" म्हणायचा. "ओ" त्याने पुन्हा दिली नाही. समोरच्या घरातल्या गुजराती आजीला तिची नातवंडं माझ्याच नावाने हाका मारायची. दादू दार किलकिलं करून ऐकत बसायचा.

अशी अकरा वर्षं गेली. यंदा जानेवारीत दादूच्या छातीत पाणी झालं. दवाखान्यात किशोरी उशाशी, वसुंधराबाई पायाशी. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने डोळे न उघडताच म्हटलं,

"पोरी, येक डाव हाक मार गो. धुका परलाय. मना काठ दिसत नाय."

"धुकं नाही हो पप्पा, एसी लावलाय. मी इथेच आहे ना."

मी तिच्या ओठांच्या आत उभा होतो. ओठ मिटून उघडायचे होते, बस. दादूने जरा वाट पाहिली. मग पलंगाच्या लोखंडी कडेवर बोटांनी दोन ठोके दिले. हात दुखतोय वाटून किशोरी नर्सला सलाईन बघायला सांगून आली. दुपारी दादू गेला.

दहाव्याला खाडीकाठी पिंड ठेवला. भिंतीवर पाच-सहा कावळे बसलेले, एक शिवेल तर शपथ. सत्यजीतने हात जोडून सांगितलं, होडी मोडीत काढणार नाही. दादूची बहीण शकू म्हणाली, "पोरीला आमी हाव रं, तू जा." तासभर झाला. वसुंधराबाईंनी किशोरीच्या खांद्यावर हात ठेवला. "तू लहानपणी त्यांना जशी हाक मारायचीस, तशी मार. चूक माझी होती गं."

तेव्हा कुठे किशोरीला ते दोन ठोके उमगले.

मग तिने मला सोडलं. "बा…" आवाज फाटला, पण मी निघालो. कानडीतला 'ये' त्या दिवशी माझ्यात आपोआप येऊन बसला होता. कावळा हलला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला आणि उरकलं.

सगळे गाडीत बसले, किशोरी काठावरच राहिली. तिने पुन्हा हाक मारली, पुन्हा मारली. ऊन लख्ख पडलं होतं. धुक्याचा मागमूस नव्हता, पलीकडचा काठ झाडांसकट दिसत होता. दर वेळी मी तिथवर गेलो आणि तसाच परत आलो. वल्हं वाजलं नाही.

हल्ली ती रोज ऑफिसला जाण्याआधी दादूच्या रिकाम्या खोलीत मला एकदा म्हणते. हळूच, पुटपुटल्यासारखं. पुन्हा घर मिळालं म्हणून मी खूश व्हायला हवं होतं. पण मी अर्धाच आहे हो, उरलेला अर्धा ती "ओ" होती. तुमच्या घरी ओ देणारं कुणी असेल, तर त्याच्या कानाला ठाऊक असलेली हाक आज मारा, आणि उत्तर येईपर्यंत तिथेच थांबा.