काशीत सोडलेली बोरं

घाटनांदूरच्या अर्जुनरावांना तंबाखू सोडायची नव्हती, आणि त्यांनी ती सोडावी एवढी एकच गोष्ट त्यांच्या बायकोला, छबुबाईंना, या जगात हवी होती. बाकी संसार सुखाचा होता.

परळीच्या थर्मल वीजकेंद्रात फिटर असताना एका बंगाली साहेबानं बदलीच्या वेळी आपला जुना पाइप अर्जुनरावांना दिला. तो लवकरच चिरला. अर्जुनरावांनी तो उभा कापून आत काय आहे ते बघितलं आणि बांधावरच्या बोरीच्या खोडातून तसाच दुसरा कोरला. तेव्हा लागलेला नाद निवृत्तीनंतर पूर्णवेळ झाला. लाकूड सावलीत दोन उन्हाळे वाळवायचं, तापल्या सळईनं धुराची वाट पाडायची, तंबाखू भरायचं पोट कोरून आतून गुळाच्या पाण्यात कालवलेली राख फासायची, म्हणजे लाकूड जळत नाही. पेरूचा धूर गोड, जांभळाचा तुरट, आणि चिंच ऐन वेळी तडकते, पाव्हण्यांसारखी, असं ते सांगत. गावात पाइप म्हटलं की ठिबकचा आठवतो, म्हणून लोक त्याला ‘वाकडी चिलीम’ म्हणत. सगळ्यांत लाडका तो पहिला, बोरीचा. हाताळून हाताळून तो भरताच्या वांग्यासारखा चकचकीत झाला होता.

खोकला मात्र पेरूच्या धुरानंही येई आणि जांभळाच्याही. तो सुरू झाला की शेजारच्या आश्रुबाच्या म्हशी रवंथ थांबवून माना वर करत. अंबाजोगाईच्या डॉक्टरनं छातीचा फोटो उजेडाला धरला आणि अर्जुनरावांकडे न बघता छबुबाईंकडे बघितलं. घरी आल्यावर छबुबाईंनी बोलून पाहिलं, अबोला धरून पाहिला, सुनेला पुढं घातलं. शेवटी त्यांनी काशी काढली.

काशीची रीत सगळ्यांना ठाऊक असते. गंगेत उभं राहून आवडीची एक वस्तू सोडायची. ती पुन्हा जन्मात तोंडाला लावायची नाही. गेल्या उन्हाळ्यात भजनी मंडळ परळीहून रेल्वेनं निघालं, त्यात ही जोडी होती. अख्ख्या प्रवासात छबुबाईंनी तंबाखूचा विषय काढला नाही. त्यामुळे अर्जुनराव सावध झाले.

घाटावर कमरेइतक्या पाण्यात छबुबाईंनी डोळे मिटले. ओठ हलले, ओंजळ सुटली. मग त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. मंडळ बघत होतं. भटजींनी विचारलं, काय सोडता?

“बोरं,” अर्जुनराव म्हणाले.

कवळी बसल्यापासून त्यांनी बोर चाखलं नव्हतं. छबुबाईंनी ओलं लुगडं पिळलं तेवढं. ते नेहमीपेक्षा जरा जास्तच पिळलं.

गावी आल्यावर अडचण काढली ती आश्रुबानं. आश्रुबा लहानपणापासूनचा मित्र, आणि त्याला दुसऱ्याच्या धर्माची फार काळजी. पारावर चार माणसं बघून त्यानं अर्जुनरावांच्या तोंडातल्या पाइपाकडे बोट केलं.

“बोरं सोडली म्हणतूस, अन् बोरीचंच लाकूड चोखतूस? कावून रं? गंगेला काय येडी समजतूस?”

पार दोन बाजूंना फुटला. सोडलं ते मुळापासून सोडलं, असं एक बाजू म्हणाली. दुसरी बाजू म्हणाली, मग बोरीच्या काट्यांचं कुंपणही काढावं लागेल. अर्जुनरावांनी पाइप शांतपणे पेटवला.

“फळ ते फळ, लाकूड ते लाकूड. आंबा सोडलेला माणूस आंब्याच्या पाटावर जेवाय बसत न्हाई का?”

ज्यांनी आंबा सोडला होता त्यांना घरचा पाट आठवला. निकाल लागला. त्या संध्याकाळी अर्जुनरावांनी एक पाइप जास्त ओढला.

दसरा झाला आणि डोंगराकडून सीताफळं यायला लागली. छबुबाईंचं माहेर धारूरच्या डोंगरात. सीताफळाच्या दिवसांत सून जेवतच नाही, अशी तक्रार त्यांच्या सासूबाई मरेपर्यंत करत होत्या. यंदाही भावानं पाटी भरून पाठवली. छबुबाई ओट्यावर फळं निवडत बसल्या. अर्जुनराव अंगणातल्या कडुलिंबाखाली सीताफळाच्याच एका खोडक्यात पाइपाचं पोट कोरत होते. लाकूड फारच मऊ. चिलमीच्या लायकीचं नाही, हे कळूनही हात थांबत नव्हता.

छबुबाईंनी शेजारी वाटे दिले. उललेल्या फळांचा गर काढून सुनेला बासुंदीला दिला. मग गरानं भरलेली बोटं त्यांनी फडक्याला पुसली आणि उठून धुतली.

अर्जुनरावांचा हात थांबला. चाळीस वर्षांत त्यांनी ही बोटं धुताना पाहिली नव्हती. ती चाटायची असत.

“तू खाईनास का?”

“सोडलंय.”

“कवा?”

“गंगेत. तुमी बोरं सोडायच्या आदी.”

“कशापायी?”

“तुमच्या खोकल्यापायी. म्हनलं, म्या आवडीचं सोडलं तर देव तुमाला सोडायची बुद्धी दील.” त्या पाटीवर कडुलिंबाचा पाला पसरू लागल्या. “दिली की. बोरं सोडायची दिली.”

तक्रार नव्हती. तक्रार असती तर अर्जुनरावांना उत्तर देता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच परळीला वैजनाथाला गेले. बायकोचं सीताफळ परत घेऊन बदल्यात तंबाखू देता येईल का, असं त्यांनी एका ओळखीच्या पुजाऱ्याला विचारलं. पुजारी म्हणाले, काशीत दिलेलं इथून परत मिळत नाही. तंबाखू सोडा, चांगलंच आहे, पण ते खातं वेगळं.

अर्जुनराव दर्शन घेऊन निघाले, पण त्यांनी नवस केला नाही. देवाला सांगून सोडलं की आपल्याला पळवाट सापडते, हे त्यांना आता माहीत होतं. घरी आले आणि तंबाखूचा डबा उकिरड्यावर उपडा केला. तसाच आश्रुबाला द्यायचा विचार मनात आला होता. पण त्याच्या म्हशींना उगाच त्रास नको.

मग ते लिंबाखाली बसले. हाताला काम हवं होतं. सीताफळाच्या त्या अर्धवट पाइपाची मान त्यांनी करवतीनं उडवली, धुराचं भोक खुंटी मारून बुजवलं, पोटाला बाहेरून सीताफळासारखे डोळे कोरले, बोरीच्या तुकड्याचं झाकण केलं, आणि तिळाच्या तेलानं पुसून ते देव्हाऱ्यापुढं नेऊन ठेवलं.

सकाळी छबुबाईंनी ते उचलून वास घेतला. “कशाचं हाय?”

“सीताफळाचं. कुकवाचा करंडा.”

“म्या सोडलंय.”

“फळ सोडलंस. लाकूड ते लाकूड. पारावर निकाल झालाय.”

छबुबाईंनी करंडा फिरवून फिरवून बघितला. त्यात कुंकू ओतलं, बोट बुडवून कपाळाला लावलं.

“झाकण सैल हाय,” त्या म्हणाल्या.

ते आठ-पंधरा दिवस अर्जुनराव सगळ्यांवर खेकसत. सुनेवर, कोंबड्यांवर, ठिबकच्या पाइपावर. संध्याकाळी बोरीचा पाइप रिकामाच दातांत धरून बसत. कुंपणावरून आश्रुबा विचारी, काय ओढतूस, वारा?

अशाच एका संध्याकाळी छबुबाई मूठ मिटून लिंबाखाली आल्या. ज्या वस्तूला त्यांनी आजवर कधी हात लावला नव्हता, ती नवऱ्याच्या तोंडातून काढून घेतली, तिच्यात मुठीतला ओवा भरला आणि परत तोंडात दिली. खोकल्याला बरा असतो, एवढंच म्हणाल्या. मग स्वतः काडी ओढून धरली.

अर्जुनरावांना तो धूर मुळीच आवडला नाही. त्यांनी तसं सांगितलं, आणि ओढत राहिले.