ओसरीइतकी खाली गाडी

शोवा सम्राटांच्या कारकिर्दीचं एकसष्टावं वर्ष, म्हणजे १९८६. त्या वर्षी फेब्रुवारीत माझ्या सासूबाई, इशी, धुण्याच्या जागी गोठलेल्या पाण्यावरून घसरल्या आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. ऐंशीच्या होत्या. मेपर्यंत त्या काठी टेकत घरभर हिंडायला लागल्या होत्या. ओसरीच्या कडेवर बसून चपला काढायच्या, पाय वर घ्यायच्या, आत जायच्या. सुनेला टोमणे मारायची ताकद तर एक दिवसही गेली नव्हती.

एकच गोष्ट अडली होती. घाटापलीकडे आशिओला त्यांची थोरली बहीण राहायची, कानो. वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, हिगानला, म्हणजे पितरांच्या सणाला, सासूबाई तिकडे जायच्या. दोघी मिळून आईबापांच्या कबरीवर पाणी घालायच्या आणि मग लाल घेवड्याच्या सारणातले भाताचे गोळे खात दिवसभर दुसऱ्यांची उणीदुणी काढायच्या. लग्न होऊन आल्यापासून मी यात कधी खंड पडलेला पाहिला नव्हता. त्या वसंतात तो पडला. कानोबाई तेव्हा सत्त्याऐंशीच्या. शरदाचाही चुकला तर पुढचा कुणी बघितलाय, हे घरात कुणी बोललं नाही, पण सगळ्यांच्या मनात तेच होतं.

आमचं दुकान तातामीचं, घरातल्या जमिनीवर बसवतात त्या. पेंढ्याची घट्ट शिवलेली जाड बैठक, तिच्यावर लव्हाळ्याची चटई आणि कडेला काळा काठ. गाडी एकच, माल न्यायची पांढरी व्हॅन, बाजूला सरकतं दार असलेली. तिची जमीन ओसरीपेक्षा चांगली पाच बोटं उंच होती. खुबा त्या पाच बोटांना तयार नव्हता.

मे महिन्यात माझ्या यजमानांनी, योशिझोंनी, दारापाशी बिअरच्या बाटल्यांचा रिकामा क्रेट पालथा घातला आणि आईला त्यावर चढवायला गेले. क्रेट कलंडला. यजमानांनी त्यांना काखेत धरून वरच्यावर झेललं, पण समोर सेंबेईच्या, म्हणजे तांदळाच्या खाऱ्या बिस्किटांच्या, दुकानातल्या कोमियामाकाकू आणि त्यांची दोन गिऱ्हाइकं उभी होती.

"खाली ठेव," सासूबाई म्हणाल्या. "मला एकदा सुईणीनं उचललं. आता उचलाल ते पेटीत घालून. मधे कुणी हात लावायचा नाही."

त्यानंतर क्रेट, स्टूल, पाठुंगळी, कशाचंही नाव काढायची सोय राहिली नाही.

जुलैमधे एका संध्याकाळी त्या ओसरीवर बसून व्हॅनकडे टक लावून बघत होत्या. मला म्हणाल्या, "फुसाए, गोरोची ती गाडी आठवते का गं? कोमियामाचं कुत्रंसुद्धा टुणकन आत चढायचं."

आठवत होती. न आठवून कसं चालेल? गोरो म्हणजे माझा धाकटा दीर. विशीत असताना त्यानं गाडी इतकी खाली बसवली होती, की रस्त्यावरच्या खड्ड्यात ठिणग्या उडायच्या. रुंद चाकं बाहेर डोकावायची आणि आवाजानं शेजाऱ्यांची पोरं झोपेतून उठायची. सासरे तिला साप म्हणायचे. त्या गाडीवरूनच बापलेकाचं बिनसलं आणि तो घर सोडून शेजारच्या गावात, जुन्या गाड्या मोडणाऱ्याच्या वाड्यात कामाला गेला. सासरे गेल्यावरही थोरला भाऊ त्याच्याशी बोलायचा तो फक्त श्राद्धाच्या दिवशी.

"त्याला बोलाव," सासूबाई म्हणाल्या. "म्हणावं, आईला साप हवाय."

गोरो रविवारी आला तो वाड्याच्या टेम्पोत मागे चार चाकं टाकूनच. मापाला लहान, ॲल्युमिनियमची, आणि रंग सोनेरी.

यजमान दारातच थबकले. "सोनेरी? तातामीवाल्याच्या गाडीला? गिऱ्हाइकं काय म्हणतील?"

"म्हणतील, धंदा बरा चाललाय."

"गोरो, थट्टा नकोय मला."

"दादा, या गाडीच्या नटांना बसणारी, ओझं पेलणारे टायर असलेली एवढीच होती वाड्यात. काळी रंगवून घे, मी काही रागावणार नाही."

"रंगवायची नाहीत," ओसरीवरून आवाज आला. आणि तो विषय संपला.

मला या कामाची एवढी ओढ का लागली, ते मला आजही सांगता येणार नाही. त्या गाडीत मी बारा वर्षं बसत होते, पण तिच्या पोटाखाली काय आहे ते कधी पाहिलं नव्हतं. गोरोनं ती जॅकवर घेतली, खाली जाड ओंडके सरकवले, चाकं काढली, आणि मी बॅटरी घेऊन गोणपाटावर आडवी झाले.

"वहिनी, कपडे खराब होतील."

"होऊ देत. हे वेटोळं काय आहे?"

"पुढची स्प्रिंग. मी त्याऐवजी ही बुटकी घालणार. मागे पट्ट्यांची आहे, तिथे पट्ट्या आणि आडव्या दांड्याच्या मधे हा लोखंडी ठोकळा बसवला की गाडी तेवढी खाली येते. स्प्रिंगांनी तीन बोटं, चाकं बारकी म्हणून दोन बोटं."

"तू पूर्वी स्प्रिंग कापायचास ना? बाबा सांगायचे."

"तेव्हा अक्कल नव्हती. कापलेली स्प्रिंग घाटात उडी मारून बाहेर आली म्हणजे समजतं."

"तुझी आली होती?"

तो गाडीखालून नुसता हसला. सासूबाईंनी वरून विचारलं, "काय दिसतंय गं?" मी म्हटलं, "आतडी." त्यावर त्यांनी मला काठीनं ढोसलं आणि सगळं नीट, एकेक करून सांगायला लावलं. मग काय, गोरो मला सांगायचा आणि मी त्यांना. दांडा कुठून कुठे जातो, तेल कुठे असतं, ब्रेक चाकाला कसा आवळतो. दुपारपर्यंत दोघीही चांगल्या शहाण्या झालो होतो.

गाडी खाली टेकवली तर एक नवीच अडचण निघाली. मागचं चाक वळणावर वरच्या पत्र्याच्या आतल्या कडेला घासत होतं. गोरो म्हणाला, "दादा, तुझी शाळेतली बेसबॉलची बॅट आहे का अजून?"

"बॅट कशाला?"

"आण तर खरी."

त्यानं बॅटला फडकं गुंडाळून ती टायर आणि पत्र्याच्या मधे खुपसली आणि आम्हा नवराबायकोला सांगितलं, "आता गाडी ढकला. हळू. सासरी निघाल्यासारखी." गाडी सरकली तशी बॅट फिरत गेली आणि पत्र्याची कड लाटण्याखाली दुमडावी तशी आत वळली. मी टाळ्या वाजवल्या. यजमानांनी बॅट परत घेतली, तिच्यावरचा वळ अंगठ्यानं चोळला आणि म्हणाले, "हिनं मी जिल्ह्याच्या सामन्यात खेळलोय."

"आणि एकदाही चेंडू लागला नव्हता तिला," सासूबाई म्हणाल्या. "आज लागली कामाला."

मग त्या काठी टेकत आल्या. उघड्या दाराला पाठ करून उभ्या राहिल्या आणि सावकाश बसल्या. टेकल्या. पत्र्यावर हात फिरवून म्हणाल्या, "ओसरीच की ही." गोरो उगाचच हात पुसत राहिला.

हिगानच्या दिवशी सकाळी मी भाताचे गोळे डब्यात भरत होते. बाहेर गोरो मोठमोठ्यानं हसत होता. धावत गेले तर यजमान लालबुंद होऊन उभे होते आणि व्हॅनचं दार उघडं होतं. आत नव्या कोऱ्या तातामी, त्या वर्षीच्या हिरव्यागार लव्हाळ्याच्या, अगदी कोपऱ्यापर्यंत मापात कापलेल्या. गुपचूप चार रात्री जागून शिवल्या होत्या. तातामीवाल्याची आई उघड्या पत्र्यावर बसून घाट चढणार, हे त्यांना सहन होईना.

फक्त तातामी तीन बोटं जाड असते. तेवढ्यासाठी तर स्प्रिंगा बदलल्या होत्या.

सासूबाई दाराला पाठ करून उभ्या होत्या. टेकायचा प्रयत्न केला, कंबर अडली, तोंड वेडंवाकडं झालं. सरळ होऊन म्हणाल्या, "नाही जमत."

"मी रविवार घालवून गाडी उतरवली," गोरो म्हणाला, "आणि दादानं रात्री जागून परत चढवली. वा! जोडी बघा."

"जन्मभर तातामी शिवल्या मी," यजमान म्हणाले. त्यांना हसू येत नव्हतं. "जाडी विचारात घ्यायची असते असं कधी वाटलंच नाही. जमीन म्हणजे तातामीच ना."

"पातळ कर की."

"पातळ तातामी नसते."

"दादा, तू माझ्या चाकांना नावं ठेवलीस, मी ऐकून घेतलं. आता ऐक. आईला आशिओला न्यायचंय की तातामीला?"

 यजमानांनी दुकानातून वाकडी सुरी आणली, आपलीच शिवण आपण उसवली, वरची चटई सोडवली आणि पेंढ्याच्या बैठका बाहेर काढल्या. गोरोनं न सांगता दुसरं टोक धरलं. नुसती चटई पत्र्यावर पसरून काठ दाबत यजमान पुटपुटले, "ही काय तातामी म्हणायची? नुसता अंगरखा."

"अंगरखा तर अंगरखा," सासूबाई म्हणाल्या आणि टेकल्या. चटई असल्यामुळे अर्थातच चपला खाली काढल्या, पाय वर घेतले, एका कुशीवर वळल्या आणि आत गेल्या. कुणाचाही हात लागला नाही. कोमियामाकाकू सेंबेईची पुडी घेऊन निरोप द्यायला आल्या होत्या, त्यांचे डोळे भरून आले. मी पलीकडच्या दारानं चढले, गोरोनं गाडी काढली.

घाटात मागे गाड्यांची रांग लागली. यजमान सारखे काट्याकडे बघून म्हणत, "गोरो, हळू! चाळीसची पाटी आहे."

"काटा खोटं बोलतोय दादा. बारक्या चाकांना जास्त फेरे घ्यावे लागतात, त्याला वाटतं आपण पळतोय."

"म्हणजे माझ्यासारखंच," मागून सासूबाई म्हणाल्या. "पाऊल एवढंसं, दम मात्र मैलाचा."

आशिओला कानोबाई दारात उभ्या होत्या, दोन्ही हात एका काठीवर ठेवून. रात्री पाऊस पडून गेला होता, अंगणात चिखल होता. गोरोनं दार सरकवलं. सासूबाई सरकत कडेपर्यंत आल्या, पाय खाली सोडले आणि पांढरे मोजे घातलेले पाय हवेतच थांबले.

"फुसाए, चपला."

मी खाली पाहिलं, गाडीत पाहिलं, सीटखाली पाहिलं. मग मला एकदम दिसल्या त्या. आमच्या दुकानासमोर, रस्त्याच्या कडेला, टाचा गाडीकडे आणि टोकं बाहेरच्या बाजूला करून शेजारी शेजारी ठेवलेल्या. पाहुणा आत गेला की त्याच्या चपला फिरवून ठेवायच्या, म्हणजे निघताना सहज पाय घालता येतो. कोमियामाकाकूंनी तेवढं अगदी व्यवस्थित केलं असणार. ते घर नसून गाडी आहे, निघून जाणार आहे, हे आम्हा पाचांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

"माझ्या पाठीवर ये, आई," यजमान वाकले. "चार पावलं तर आहेत."

"सरक बाजूला."

"माझे बूट घाल," गोरो म्हणाला.

"ते? बोटी आहेत त्या."

कानोबाईंची सून म्हणाली, "थांबा, मी आतून आणते." पण तोवर कानोबाई काठी टेकत टेकत चिखलातून गाडीपर्यंत पोचल्या होत्या. त्यांनी आत डोकावून वास घेतला.

"या वर्षीचा लव्हाळा?"

"हो," यजमान म्हणाले.

"हं." त्यांनी दाराला पाठ केली, टेकल्या, आपल्या चपला खाली काढल्या आणि बहिणीशेजारी पाय वर घेतले. "किती सोपं! आमच्या सुनेच्या गाडीत मला पोत्यासारखं कोंबतात." मग सासूबाईंकडे वळून म्हणाल्या, "काय बघतेस? घाल माझ्या. तू आधी जा आणि आईबाबांना सांग, कानो मागून येतेय. मी इथे बसते जरा."

सासूबाई बहिणीच्या चपला घालून उतरल्या. अंगण पार करून, मागच्या चढावरून कबरीपर्यंत गेल्या. मी दोन पावलं मागे पाण्याची बादली घेऊन चालत होते आणि हात आवरत होते. त्या परत आल्या, टेकल्या, चपला काढल्या. मग त्याच चपला घालून कानोबाई गेल्या. घरातून एव्हाना तीन जोड आणून ठेवले होते, पण त्यांच्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. गोळेही दोघींनी गाडीतच खाल्ले, दार उघडं ठेवून, येणाऱ्याजाणाऱ्याची उणीदुणी काढत. गोरो आणि यजमान अंगणातल्या दगडावर बसले होते. मी चहा द्यायला गेले तेव्हा यजमान विचारत होते, तो लोखंडी ठोकळा नेमका कुठे बसतो.

पुढच्या वसंतात गाडीची सरकारी तपासणी आली. गोरोनं कंपनीची चाकं आणि स्प्रिंगा परत चढवल्या, आणि तपासणी झाल्यावर लगेच सोनेरी चाकं घातली. बर्फात मात्र ही गाडी बाहेर काढली की बर्फ ओढायच्या फावड्यासारखी चालायची. म्हणून हिवाळ्यात ती उंच, हिगानला खाली, असं चाललं. बॅट कायमची पेंढ्याच्या कोठारात राहिली.

कानोबाई नव्या सम्राटांच्या, हेईसेईच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे १९९० मधे, झोपेत गेल्या. सासूबाई त्यानंतर पाच महिन्यांनी. त्यांना न्यायला आलेली गाडी चांगलीच उंच होती. सहा जणांनी पेटी उचलली तेव्हा गोरो म्हणाला, "आई, शब्द पाळलास." कोमियामाकाकू त्या दिवशी कुणाच्याही चपलेला हात न लावता उभ्या होत्या. त्या शंभरीला दोन कमी असताना गेल्या.

गोरोनं पुढे स्वतःचं छोटं गॅरेज काढलं. म्हाताऱ्यांसाठी गाड्यांची दारं, सीटा, पायऱ्या बदलून देतो. आता त्याच्याच गुडघ्यांनी संप पुकारलाय. यजमानांनी शेवटच्या वर्षांत बोटभर जाडीच्या तातामी करायला सुरुवात केली. शहरातल्या फ्लॅटवाल्यांना त्याच लागतात. विकायचे आणि वर म्हणायचे, "अंगरखे आहेत." त्यांना जाऊन सात वर्षं झाली.

व्हॅन कधीच भंगारात गेली. चाकं मी ठेवून घेतली. दोन कोठारात आहेत, एकावर मी बागेची नळी गुंडाळते, आणि चौथं ओसरीखाली, जिथे चपला काढतो तिथे आडवं पडलंय. हल्ली माझाही खुबा कुरकुरतो, तेव्हा खाली उतरताना मी त्यावर पाय ठेवते.