पर्लची अंडी आणि मॅव्हिसचा फोन

ड्वेन चार दिवसांत येतो म्हणून गेला, त्याला आता तिसरा आठवडा लागला. "टेक्सासला सापांची जत्रा आहे आई, चार दिवसांचा तर प्रश्न आहे," म्हणाला, आणि तळघरातली सगळी प्रजा माझ्या गळ्यात मारून मोकळा झाला. साप मला आवडत नाहीत. कधीकधी पोटचं पोरही आवडत नाही, पण सांगते कुणाला!

त्यात पर्लने कात टाकली. पर्ल म्हणजे त्याची लाडकी अजगराची मादी. गाभण मादीने कात टाकली की महिन्याभरात अंडी. फोनवर ड्वेनला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

"आई, तिच्या डब्यात ओलं शेवाळ घाल. आणि इन्क्युबेटर आत्तापासूनच चालू ठेव."

"तू कधी येतोयस ते बोल."

"येतो गं. ऐक, अंडं जसं पडलंय तसंच उचलायचं. वरच्या अंगाला पेन्सिलने ठिपका कर. उलटलं की आतलं पिल्लू मेलंच म्हणून समज."

आमच्या शेतावर कोंबडीची अंडी दिवसातून तीनदा फिरवली नाहीत तर आई पाठीत धपाटा घालायची. आता म्हातारपणी उलटं शिका! शिकले. शेवाळ भिजवलं, पिळलं, डब्यात भरलं. पेन्सिलीला टोक काढून ठेवलं.

आणि माझं सगळं लक्ष होतं ओरेगनकडे. तिथे समुद्राजवळ म्हाताऱ्यांची वसाहत आहे, त्यात माझी बहीण मॅव्हिस राहते. तिच्या शेजारची खोली रिकामी झाली होती. नवरा गेल्यापासून मी ड्वेनच्या घरात, ड्वेनच्या तालावर नाचतेय. ती खोली मला हवी होती, बाकी काही नको होतं.

"वर्ना, शुक्रवारी दुपारी मॅनेजर येतोय," मॅव्हिस म्हणाली. "मी फोन लावीन, तू नुसतं हो म्हण. नाही उचललास तर खोली पुढच्या बाईला. रांग लागलीय इथे."

"उचलीन गं बाई."

"मागच्या वेळी पण हेच म्हणालीस. तेव्हा ड्वेनचा पाय मोडला होता."

"आता साप गेले खड्ड्यात. शेजारणीला किल्ली देते आणि येते."

अगदी मनापासून बोलले मी. बॅगसुद्धा भरली.

शुक्रवारी दुपारी तळघरात उतरले, तर पर्लने अंडी घातलेली, त्यांना वेटोळं घालून बसलेली आणि पाण्याचं भांडं पालथं. शेवाळाचा नुसता चिखल झाला होता. पाण्यात राहिली तर अंडी सडणार. मी फोन टेबलावर ठेवला, पर्लच्या डोक्यावर टॉवेल टाकला आणि हळूहळू एकेक वेढा सोडवला. बिचारी सोडायला तयार नव्हती. तिला दुसऱ्या डब्यात घालून झाकण लावलं. पाच अंडी, एकमेकांना चिकटून एकच गोळा झालेला. ठिपके केले आणि दोन्ही हात खाली घालून तो उचलला.

इन्क्युबेटरपाशी आले तर झाकण बंद! उघडून ठेवायचंच विसरले होते मी, मूर्ख बाई. आणि तेवढ्यात फोन वाजला.

एक हात काढावा तर गोळा निसटत होता. खाली ठेवावा तर कलंडत होता. अंडी सोडून दिली असती तर सुटले असते मी, हे तेव्हाच कळत होतं. "थांब गं, थांब!" मी टेबलावरच्या फोनकडे बघून ओरडले. तो थांबला, पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. मग मी कोपराने झाकण ढकललं आणि अंडी आत ठेवली.

हात पुसून फोन लावला.

"मॅनेजर उभाच होता वर्ना," मॅव्हिस म्हणाली. "दोनदा लावला मी. पुढची बाई इथेच बसली होती."

"अगं, माझ्या हातात अंडी..."

"हो गं. काहीतरी असणारच."

रागावली असती तर बरं झालं असतं. मी पायरीवर बसून पोटभर रडले. मग ड्वेनचा फोन आला.

"एकही उलटलं नाही ना?"

"नाही."

"शाब्बास आई! आता दोन महिने फक्त रोज आत डोकावायचं."

"दोन महिने?"

"पिल्लं बाहेर यायला तेवढे लागतातच. आणि मला इथे कामही मिळालंय. तू आहेस म्हणून बरं."

"हो," मी म्हणाले. "मी आहे."