आईची जांभळी जोडी

"आईने मला नकली दिलं," असं म्हणत ताईने ते कानातलं माझ्या ओट्यावर आपटलं. आई जाऊन पाच वर्षं झाली आणि ही बया आज तिच्यावर आळ घेते! माझं डोकंच फिरलं.

शेवटच्या आजारपणात आईने आपली कानातल्यांची जोडी फोडली होती. एक ताईला दिलं, एक मला. "एकेक घ्या, म्हणजे भेटाल तरी," म्हणाली. दोन्हींत एकाच दगडातून कापलेले जांभळे स्फटिक. हा दगड अंगावर असला की दारू चढत नाही, असं कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलं होतं, म्हणून तिने हौसेने करून घेतलेली जोडी. आता कान आईचे आणि घसा बाबांचा, गुण येणार कुठून? पण तिने ती कधी उतरवली नाही.

मी माझं कानातलं कपाटातून काढून आणलं. मऊ फडक्यात गुंडाळलेलं, गडद जांभळं. त्याच्या शेजारी ताईचं म्हणजे शाईचा ब्रश बुडवलेलं पाणी.

"बघ! तू धाकटी, लाडकी. खरं तुला आणि काच मला."

"आईबद्दल आणखी एक शब्द बोललीस तर याद राख," मी म्हणाले. "चल सोनाराकडे. आत्ताच्या आत्ता!"

रस्ताभर आम्ही एकमेकींकडे पाहिलंही नाही. सोनाराने भिंग लावलं आणि दोन्ही दगड आलटून पालटून पाहिले.

"काच नाही. काचेच्या कडा एव्हाना झिजल्या असत्या. रंगाच्या तिरक्या पट्ट्या दोन्हींत सारख्याच आहेत, एकात पुसट झाल्यात इतकंच. हे ठेवता कुठे?"

"ओट्यासमोरच्या खिडकीत," ताई म्हणाली. "दोऱ्याने टांगलेलं असतं."

"ऊन येतं तिथे?"

"सकाळचं थेट येतं."

"मग रंग उडणारच. हा दगड उन्हाने फिका पडतो, आचेने तर पिवळासुद्धा होतो. कोमट साबणपाण्याने धुवायचा आणि झाकून ठेवायचा. गेला तो रंग आता गेला."

बाहेर पडल्या पडल्या मी तोंड सोडलं. "कपाट नाही का तुझ्या घरात? आईची एवढीशी वस्तू सांभाळता येत नाही आणि वर तिलाच खोटं पाडतेस? लाज कशी वाटत नाही?"

"कपाटात ठेवून काय करू?" ताई भर रस्त्यात ओरडली. "सकाळी चहा करताना मला ती समोर लागते!"

मला आणखीच राग आला. मी तिच्या घरापर्यंत तरातरा चालत गेले आणि थेट स्वयंपाकघरात शिरून स्टूल ओढलं.

"दोरा दे."

"कशाला?"

"दे म्हणते ना!"

फडकं सोडून मी माझं कानातलं खिडकीच्या गजाला बांधलं आणि त्याच्या शेजारी तिचं.

"अगं वेडे, याचाही रंग उडेल!"

"उडू दे. मग सांग मला, यातलं खरं कुठलं आणि नकली कुठलं. आणि उडेपर्यंत मी रोज सकाळी येऊन बघणार आहे. चहा दोघींचा ठेवत जा."