घर कधी बांधलं?

तळवलीत परक्याने विचारलं, घर कधी बांधलं, की उत्तर ठरलेलं: बापजाद्यांचं हाय. मग भिंतीचा रंग ओला का असेना! पोरं वाढली, गावठाण पुरेना, तशी घरं हद्दीबाहेर सरकली. हे सगळ्यांना ठाऊक, पण साल कोणी तोंडातून काढत नाही; साल कळलं की घर बेकायदा ठरतं.

रंजिता याच गावची. तिच्या कॉलेजात यंदा जयप्रकाश सर नागरिकशास्त्र शिकवायला आले. समाजसेवा केली की दोन क्रेडिट. त्यासाठी घरोघरी जाऊन करायच्या सर्व्हेला त्यांनी नेमकं तळवली निवडलं आणि सगळ्यांच्या पुढे रंजिताला घातलं. गावाला पाण्याच्या नव्या जोडण्या मिळवून देऊ, म्हणाले. माहिती कॉलेजबाहेर जाणार नाही, असा शब्दही दिला. पोरगी हुरळली. सरांचा शब्द तिला काळ्या दगडावरची रेघ.

शेजारच्या मालतीबाईंकडे तर ती लहानपणापासून जेवलेली, त्यांना काकी म्हणणारी. काकीने चहा टाकला आणि सगळं सांगून मोकळी झाली. नवरा गेल्यावर, दोन हजार एकोणीसच्या मे महिन्यात, सोनं मोडून वरचा मजला चढवला. तिथे भाडेकरू आहे म्हणून चूल पेटते.

दोन महिन्यांनी जोडणी नाही, नोटीस आली. वरचा मजला अनधिकृत, पाडा. बांधकाम मे २०१९. सोबत सर्व्हेचा कागद जोडलेला, त्यावर रंजिताचं नाव आणि खाली तिचीच सही.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तशीच सरांच्या केबिनमध्ये घुसली. सरांनी लपवलंसुद्धा नाही. एका सरकारी कार्यालयाला ही माहिती आधीपासूनच हवी होती. त्यांची माणसं गेली की गाव तोंड उघडत नाही, म्हणून त्यांनी कॉलेजला गाठलं.

"म्हणजे मला मुद्दाम पुढे घातलंत?"

"खरी माहिती देणं हे नागरिकाचं पहिलं कर्तव्य," सर म्हणाले. "तुला दहापैकी दहा दिलेत."

मेल्याला लाज म्हणून नाही! केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. जिन्यात बसून ती ढसाढसा रडली, पण रडून मजला वाचतो थोडाच.

संध्याकाळी ती काकीच्या दारात उभी राहिली. सरांनी फसवलं, मला खरंच ठाऊक नव्हतं, सगळं सांगितलं. काकीने शिव्या घालाव्यात, दोन थोबाडीत द्याव्यात, असंच तिला वाटत होतं. काकीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग आतून प्लास्टिकची खुर्ची आणली, पदराने पुसली आणि तिच्यापुढे ठेवली.

"बसा मॅडम," काकी म्हणाली. "आनखी काय लिवाचा हाय?"