लाल शाईतला कोपरा

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. जगाचा किंवा देशाचा नव्हे, तर इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातल्या थॉर्नकूम नावाच्या गावाचा. एका चर्चच्या हद्दीत मावेल एवढीच जमीन माझ्यावर आहे. माझी दुसरी प्रत कधी निघाली नाही. म्हणून लोक मला मौल्यवान म्हणतात. ते ऐकलं की मला चीड येते, कारण मौल्यवान ठरल्यापासूनच माझं वाटोळं झालं.

एलायास बाउडन नावाच्या मोजणीदाराने मला घडवलं. गावात तेव्हा आगगाडीसुद्धा आली नव्हती. एक अख्खा उन्हाळा तो मोजणीची साखळी ओढत बांधाबांधाने हिंडला आणि भेटेल त्याला विचारत राहिला, "या शेताला काय म्हणता?" लोकांनी सांगितलेली नावं त्याने जशीच्या तशी माझ्यावर उतरवली: उपाशी टेकडी, जगाचं टोक, जोनचा ॲप्रन, फुकटची मेहनत. या शेवटच्या शेतात धान्यापेक्षा दगडच जास्त निघत.

एलायासची एक रीत होती. शेताला मालक असेल तर नाव काळ्या शाईत, ठसठशीत. मालक नसेल तर लाल शाईत, बारीक अक्षरात. ओढ्याकाठी काटेरी झुडपांनी वेढलेला एक लहानसा तुकडा होता. त्याचं नाव विचारलं तेव्हा गवत कापणारा माणूस मान खाली घालून कापतच राहिला. शेवटी त्याची बायको म्हणाली, "बाळांचा कोपरा म्हणून लिहा, साहेब. बाप्तिस्म्याआधीच जी जातात, त्यांना चर्चच्या मातीत घेत नाहीत ना. ती आम्ही तिथं ठेवतो."

"मालक कोण?"

"त्यांचा कोण मालक असणार, साहेब?"

एलायासने टोपी काढली. मग लाल टिंबांची हद्द आखून त्याने ते नाव लिहिलं. इतक्या हळू हाताने त्याने माझ्यावर दुसरं काहीच लिहिलं नव्हतं.

पुढची कित्येक वर्षं मी चर्चमधल्या ओकच्या पेटीत राहिलो. वसंतात एकदा गाव मला बाहेर काढायचा. सगळे शिवेवरून चालायचे, शिवेच्या दगडांवर काठ्या आपटायचे आणि शेवटी पाव, चीज आणि सफरचंदाची दारू यांवर ताव मारायचे. एरवी बांधावरून दोघांची जुंपली की मला टेबलावर पसरत. माझ्या काळ्या रेघेवर बोट ठेवलं की भांडण मिटे. मग पुन्हा पेटी. आतला कुबट अंधार मला शिक्षा वाटायचा. पण त्या अंधारात माझा एक रंगही उडाला नाही.

मग नव्या राजाच्या राज्याभिषेकाचं वर्ष आलं आणि आमच्या पाद्रीसाहेबांना, मिस्टर हेक्स्टना, गावाच्या इतिहासाचा उमाळा आला. "असला ठेवा काय पेटीत कुजवायचा?" असं म्हणत त्यांनी मला सोनेरी चौकटीत बसवलं आणि सभागृहात टांगलं, दक्षिणेच्या खिडकीच्या अगदी समोर. टाळ्या झाल्या. चहा झाला. मीही फुशारलो, मित्रांनो, खोटं कशाला सांगू?

दर शनिवारी सभागृह झाडायला थर्झा एन्डाकॉट नावाची बाई यायची. तिची पहिली मुलगी जन्मली ती न रडताच. नवऱ्याने, वॉल्टरने, तिला सफरचंदांच्या खोक्यात घालून ओढ्याकाठी नेलं, आणि परत आल्यावर दोघांनी तो विषय पुन्हा काढला नाही. गावाची रीतच तशी होती. त्या मुलीचं नाव कुठल्याच दगडावर नव्हतं. तिच्यासाठी जगात लिहिलेलं असं काही असेल, तर ती माझ्यावरची लाल अक्षरं.

थर्झाबाई आधी खिडकीचा पडदा सताड उघडायची, अक्षरं नीट दिसावीत म्हणून. मग काच पुसायची, त्या कोपऱ्यावर बोट ठेवायची आणि पुटपुटायची, "आहेस ना गं?"

उन्हाला काळी शाई लवकर खाता येत नाही. लाल मात्र ते भराभर खातं. माझी लाल अक्षरं आधी गुलाबी झाली, मग फिकट पिवळी. थर्झाबाईला वाटलं, आपलीच नजर गेली. "मेलं म्हातारपण!" म्हणत तिने चष्मा बदलला, मग पुन्हा बदलला. पुढे पुढे तिचं बोट न बघताच जागेवर जाऊ लागलं. मी कळवळत होतो, पण कागदाला तोंड नसतं.

पुढे दुसरं महायुद्ध संपलं आणि ओढ्याकाठच्या शेताचा मालक, स्नेल, याने मोठं कापणीयंत्र घेतलं. त्याला वळायला जागा हवी, म्हणून त्याने झुडपांचे बांध उपटायला काढले. कोपऱ्याची पाळी आली तेव्हा थर्झाबाईने गावाची सभा बोलावायला लावली.

"अहो थर्झाबाई, माझ्या कागदांत ती जमीन माझ्या शेतातच धरली आहे," स्नेल म्हणाला. "पण मी काही राक्षस नाही. जुन्या नकाशात कोपरा वेगळा दाखवला असेल, तर तिथं यंत्र घालणार नाही. शब्द देतो."

"असेल म्हणजे? आहेच! दर शनिवारी बघते मी."

मला भिंतीवरून उतरवून टेबलावर ठेवलं. मिस्टर हेक्स्ट भिंग घेऊन वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"थर्झाबाई, इथं काही नाही."

"नीट बघा, पाद्रीसाहेब. नजर माझी अधू आहे, तुमची नाही."

"इथं कागद कोरा आहे, बाई."

थर्झाबाईने माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीकडे, मग पडद्याकडे. "पडदा मीच उघडत होते," ती हळूच म्हणाली. एवढं बोलून ती एकदम मागे वळली. "मेबल, तू तरी सांग गं! तुझा मुलगाही तिथंच आहे ना?"

मेबलच्या शेजारी तिचा नवरा बसला होता. मेबल आपल्या बुटांकडे बघत म्हणाली, "मला नाही बाई काही आठवत." आणखी काही बायका तशाच बुटांकडे बघत होत्या. टेबलावरून मला त्या सगळ्या दिसत होत्या.

"मी शब्दाचा पक्का आहे," स्नेल म्हणाला. "नकाशात असता, तर सोडला असता."

पुढल्या उन्हाळ्यात तिथं गहू उभा राहिला. चांगलाच पिकला म्हणतात.

सभेनंतरच्या शनिवारी थर्झाबाई एकदाच आली. तिने पडदा ओढून घेतला, दोन्ही कडांना टाचण्या लावल्या आणि काच न पुसताच निघून गेली.

आता मी शहरातल्या दफ्तरखान्यात असतो. थंड, अंधारा खण, हातमोजे घातलेली माणसं, केवढी काळजी! शेतांची जुनी नावं शोधणारे अभ्यासक येतात, काळी नावं उतरवून घेतात आणि खूश होतात. परवा एक बाई माझ्यावरच्या ओढ्याकाठच्या कोऱ्या जागेशी थबकली, जरा विचारात पडली, आणि तिने पेन्सिलीने लिहिलं, 'कोपरा. नाव नाही.'

मित्रांनो, मला चौकटी नकोत, टाळ्या नकोत. तुमच्या गावात अशी जागा असेल, तर तिचं नाव वेळेवर विचारा, आणि ज्यांना ते ठाऊक आहे त्यांनी बुटांकडे बघू नये. आता पेन घ्या. लाल नको, काळं घ्या. आणि मी सांगतो तसं लिहा: बाळांचा कोपरा.